रोमिओ-ज्युलिएटचा रोजमेळ : शोकांतिका वाचायची कशी, पायरीपायरीने

आमच्या वाचनमंडळात तीन प्रकारची माणसं येतात. बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घेतलेली मुलं, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणारी हौशी नटमंडळी आणि मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हळदीचे हिशेब लिहिणारे एक दिवाणजी. दर रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागेतल्या एका गच्चीवर आम्ही बसतो. शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' घेतलं तेव्हा मी वर्गात करतात तशीच सुरुवात केली. आधी लेखकाचा काळ, मग कथानकाचा गोषवारा, मग स्वभाववैशिष्ट्यं, शेवटी अलंकार. तिसऱ्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चौथ्या रविवारी दिवाणजींनी पिशवीतून एक लांबट वही काढली आणि म्हणाले, "सर, ह्याचा मी रोजमेळ घातलाय, रोजच्या जमाखर्चाची वही असती तसा. रविवारी सकाळी नवाला भांडान सुरू, गुरुवारी पहाटे सगळी खलास. ह्या नाटकात एकाला पण दम धरवत न्हाई बघा."

इतकी वर्षं मी या नाटकासमोर फळ्यावर 'नियती' असा शब्द लिहीत आलो होतो. दिवाणजींच्या वहीत तो कुठेच नव्हता. तिथे वार होते, वेळा होत्या आणि कुणी काय केलं याच्या नोंदी होत्या. त्या दिवसापासून आम्ही हे नाटक जमाखर्चासारखं वाचतो. पुढे सांगतो ती रीत त्यातूनच आली. परीक्षेसाठी वाचत असाल तरी चालेल, प्रवेश बसवायचा असेल तरी चालेल.

पायरी पहिली : शेवट आधीच वाचा

नाटक उघडतं तेच कोरस नावाच्या निवेदकाच्या चौदा ओळींनी. व्हेरोना शहर, तोलामोलाची दोन घराणी, जुनं वैर, त्या वैऱ्यांच्या पोटी आलेली दोन मुलं. ती मरणार, आणि त्यांच्या मरणाशिवाय आईबापांचं वैर मिटणार नाही. हा सगळा व्यवहार दोन तासांत रंगमंचावर दाखवू, असंही हे पात्र बजावतं. मुलं विचारतात, सगळं सांगून टाकलं तर मग बघायचं काय?

सांगलीत या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं. राम धनुष्य मोडणार की नाही हे बघायला त्या दिवशी कुणीही आलं नव्हतं. सूत्रधार गोष्ट सांगत होता आणि लोकांना ती पाठ होती. ठाऊक असलेली गोष्ट घडताना पाहणं ही आपल्या प्रेक्षकाची जुनी सवय आहे. कोरसला सूत्रधार समजा, म्हणजे अर्धं काम झालं.

त्या चौदा ओळी स्वतःच्या मराठीत चौदा छोट्या ओळींत लिहून काढा. त्यातल्या प्रेमिकांच्या विशेषणाचं भाषांतर 'कमनशिबी' असं करू नका, कारण मूळ शब्दात तारे आहेत. ग्रह आडवे आलेले प्रेमिक, असं काहीतरी करा. हे तारे पुढे तीनदा तरी परत येतात. मेजवानीला जाताना रोमिओच्या मनात पाल चुकचुकते, ताऱ्यांत काहीतरी अशुभ टांगलेलं आहे असं त्याला वाटतं. ज्युलिएट लग्नाच्या रात्री त्याची वाट पाहत म्हणते, तो मेल्यावर त्याचे छोटे छोटे तारे करून आकाशात लावा. आणि तिच्या मरणाची बातमी ऐकल्यावर रोमिओ ताऱ्यांनाच आव्हान देतो. 'कमनशिबी' लिहिलंत तर हा धागा पहिल्याच पानावर तुटतो.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. वैराचं कारण कोरस सांगत नाही. पुढेही कुणीच सांगत नाही.

पायरी दुसरी : रोजमेळ घाला

आता पूर्ण नाटक एकदा भरभर वाचा. कठीण शब्दांपाशी थांबू नका, फक्त वार आणि वेळ दिसली की लिहा. शेक्सपिअरने त्या मुद्दाम पेरून ठेवल्या आहेत. दिवाणजींची नोंद साधारण अशी होती:

रविवार. सकाळी नऊ वाजता नोकरांच्या बाचाबाचीतून मारामारी. पॅरिस नावाचा तरुण सरदार ज्युलिएटला मागणी घालतो. तिचा बाप कॅप्युलेट म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत. रात्री मेजवानी, दोघांची भेट, मग बागेतला प्रसंग.

सोमवार. पहाटे रोमिओ फ्रायर (ख्रिस्ती साधू) लॉरेन्सकडे. नऊला ज्युलिएट दाईला निरोप घेऊन पाठवते, बारा वाजून गेले तरी ती परतलेली नाही. दुपारी लग्न. त्यानंतर तासाभरात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ ठार, रोमिओच्या हातून ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट ठार, रोमिओ हद्दपार. रात्री कॅप्युलेट पॅरिसला मुलगी देऊन टाकतो. बुधवारी? छे, बुधवार फार लवकर होईल, गुरुवारी.

मंगळवार. पहाटे रोमिओ मँटुआ शहराकडे. ज्युलिएटचा नकार, बापाचा संताप, फ्रायरने दिलेली, मरणाचं सोंग आणणाऱ्या औषधाची कुपी. घरी येऊन ती माफी मागते, बाप इतका खूश होतो की लग्न एक दिवस अलीकडे आणतो. त्यामुळे कुपी ठरल्यापेक्षा एक रात्र आधी घ्यावी लागते.

बुधवार. सकाळी नवरीच्या जागी प्रेत, दारात लग्नाचे वादक. बातमी मँटुआला पोहोचते, हे सोंग आहे असं रोमिओला कळवणारं फ्रायरचं पत्र पोहोचत नाही. रोमिओ विष विकत घेऊन त्याच रात्री निघतो.

गुरुवार पहाट. थडग्यात दोघांचा शेवट. (या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह आहे, त्याबद्दल शेवटी.)

शेजारी एक रकाना ओढा आणि त्यात लिहा, ही घाई कुणाची? इथे मुलांचे डोळे उघडतात. तरुण मुलं उतावीळ, म्हातारे समजूतदार, असं आपण गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात सगळ्यात मोठी घाई कॅप्युलेटच्या खात्यावर निघते. रविवारी दोन वर्षं थांबा म्हणणारा बाप सोमवारी रात्री तीन दिवसांवरची तारीख देतो आणि मंगळवारी तीही अलीकडे ओढतो. फ्रायर लॉरेन्स रोमिओला बजावतो, शहाण्यासारखं वाग, सावकाश चाल, जो धावतो तो ठेचकाळतो. आणि हाच गृहस्थ त्याच दुपारी त्यांचं लग्न लावून देतो! शेवटच्या प्रवेशात तो कबरस्तानातून लगबगीने येतो तेव्हा म्हणतो, आज रात्री माझे म्हातारे पाय थडग्यांना किती वेळा ठेचकाळले. दोन्हीकडे एकच क्रियापद. पहिल्यांदा उपदेश म्हणून, दुसऱ्यांदा स्वतःच्या पायाला लागलेली ठेच म्हणून. अशा जोड्या शोधणं म्हणजेच साहित्यिक तंत्र ओळखणं, नाव नंतर दिलं तरी चालतं.

ही घाई नाटककाराने जाणूनबुजून आणली आहे. गोष्ट त्याची स्वतःची नव्हे, ती त्याने मुख्यतः आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या दीर्घकाव्यातून घेतली. ब्रुककडे ती कित्येक महिने चालते, शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत कोंबली. ब्रुकची ज्युलिएट सोळाच्या आसपास आहे, इथे तिला चौदावं वर्षही पूर्ण व्हायचं आहे. लेखकाने उसन्या गोष्टीत काय बदललं हे कळलं की त्याला काय म्हणायचं होतं याचा अंदाज येतो. टीपा वाचण्याआधी हे दोन बदल लक्षात ठेवा.

पायरी तिसरी : खतावणी, म्हणजे कुणाला काय ठाऊक

रोजमेळातल्या नोंदी खात्यांनुसार वेगळ्या काढून खतावणी करतात तसं प्रत्येक मुख्य पात्राला वहीत एक पान द्या. डावीकडे 'ठाऊक आहे', उजवीकडे 'ठाऊक नाही'. नाट्यात्म उपरोध नावाचं जे जड प्रकरण पुस्तकात असतं, ते या दोन रकान्यांतच असतं. प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं.

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश या रीतीने वाचा. सोमवारची दुपार, उन्हाची काहिली. लग्न झालंय हे रोमिओला ठाऊक, आपल्याला ठाऊक. मर्क्युशिओला नाही, रोमिओचा चुलतभाऊ बेनव्होलिओ याला नाही, टिबॉल्टला नाही. टिबॉल्ट रोमिओला हलकट म्हणतो. रोमिओ उत्तर देतो, तुझं कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकंच प्रिय आहे. आता हे वाक्य तिघांच्या कानांनी ऐका. टिबॉल्टला ती टिंगल वाटते. मर्क्युशिओला ती लाचारी वाटते, म्हणून तो तलवार उपसतो. आपल्याला माहीत असतं की ते अक्षरशः खरं आहे, टिबॉल्ट आता रोमिओच्या बायकोचा भाऊ आहे. रोमिओ मधे पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबॉल्टची तलवार मर्क्युशिओला लागते. 'तू मधे का आलास?' हा मर्क्युशिओचा प्रश्न आहे, आणि खरं उत्तर देण्याची सोय रोमिओला नाही. खतावणीची पानं समोर असली की हा प्रवेश चारदा वाचला तरी पोटात खड्डा पडतो.

ज्युलिएटचं पान वेगळंच निघतं. तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं आणि तिला ते आईसमोर लपवायचं असतं. टिबॉल्ट मेल्यावर आईशी बोलताना ती एक वाक्य असं तोडते की 'मेलेला' हा शब्द रोमिओलाही लागावा आणि तिच्या काळजालाही. आईला सूड ऐकू येतो, आपल्याला विरह. हा प्रवेश करणाऱ्या मुलीला मी एवढंच सांगतो, तो शब्द दोन वाक्यांच्या मधे ठेव, कुठल्याच वाक्याला देऊ नकोस.

आणि शेवट. थडग्यात रोमिओ म्हणतो की हिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मृत्यूचा फिका झेंडा इथवर पोचलेला नाही. तो तिचं सौंदर्य वर्णन करतोय, आपल्याला मात्र कळतंय की औषधाचा अंमल उतरतोय. गच्चीवर हे वाचताना मागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अरे थांब की जरा!" नाट्यात्म उपरोधाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

पत्राचं काय? फ्रायर जॉन नावाचा दुसरा साधू पत्र घेऊन निघतो, पण प्लेगच्या संशयावरून त्याला एका घरात कोंडतात, दारं मोहोरबंद करतात. बऱ्याच गाईडांत याला 'निव्वळ योगायोग' म्हणून निकालात काढलेलं असतं. मला ते पटत नाही. हे नाटक साधारण १५९५च्या सुमारासचं. १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाट्यगृहं प्लेगमुळे बराच वेळ बंद होती. समोर बसलेल्या माणसांनी मोहोरबंद दारं स्वतः पाहिली होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातून विश्रामबागेत निरोप पोचवणंही किती अवघड झालं होतं, हे ज्यांनी भोगलं त्यांना पत्र न पोचणं काय असतं ते सांगावं लागत नाही. शिवाय मागचं पान उलटा. मरता मरता मर्क्युशिओ काय म्हणतो? तुमच्या दोन्ही घरांवर प्लेग येवो. एकदा नव्हे, परतपरत. आणि शेवटी पत्र कशाने अडतं? प्लेगने. याला योगायोग म्हणायचं की शाप फळला म्हणायचं, ते तुम्ही उत्तरात ठरवा. पण दोन्ही जागा शेजारी ठेवून ठरवा.

पायरी चौथी : भाषा. इथे महिनाभर रमलात तरी चालेल

दुसऱ्या वाचनाला रंगीत पेन्सिली घ्या. उजेडाला पिवळी, अंधाराला काळी. सूर्य, मशाल, तारे, वीज, दारूगोळ्याचा भडका हे सगळं पिवळं. रात्र, ढग, थडगं हे काळं. पाच-सहा पानांत लक्षात येईल की इथे हिशेब उलटा आहे. प्रेमिकांना रात्र हवी असते, उजेड त्यांचा शत्रू असतो. रोमिओच्या डोळ्यांना ज्युलिएट सूर्य दिसते, पण तो सूर्य रात्री उगवतो. लग्नानंतरच्या पहाटे बाहेर उजाडत जातं आणि रोमिओ म्हणतो, जसा उजेड वाढतोय तसं आपलं दुःख काळं होतंय. ज्युलिएट हट्ट धरते की गातोय तो चंडोल नाही, बुलबुल आहे, म्हणजे अजून रात्र आहे. अखेरीस राजा सांगतो की आज सूर्य दुःखाने तोंडच दाखवणार नाही. ही प्रतिमांची साखळी झाली. एकेक उपमा सुटी लिहून तिला 'रूपक अलंकार' असं लेबल चिकटवण्यात काही हशील नाही.

विरोधाभासाचंही तसंच. रोमिओ पहिल्या अंकात एका दमात बोलून जातो, शिशाचं पीस, थंड आग, आजारी आरोग्य. तेव्हा तो रोझलिन नावाच्या मुलीसाठी झुरत असतो. ही रोझलिन नाटकभर कधीच रंगमंचावर येऊन बोलत नाही, तिचं फक्त नाव ऐकू येतं. त्यामुळे ते विरोधाभास वहीतून उतरवून काढल्यासारखे वाटतात, कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या पहिल्या कवितेसारखे. तिसऱ्या अंकात ज्युलिएटला कळतं की नवऱ्याने भावाला मारलं. ती रोमिओला देखणा जुलमी आणि देवदूतासारखा सैतान म्हणते. अलंकार तोच. पण इथे दोन विरुद्ध गोष्टी तिच्या आयुष्यात एकाच तासाला खऱ्या झाल्या आहेत. परीक्षेत दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवलीत तर व्याख्या न लिहिताही तपासणाऱ्याला कळेल की तुम्हाला समजलं आहे.

आता श्लेष. इंग्रजीतला श्लेष मराठीत आणताना सगळ्यांचे हाल होतात, पण तोच सगळ्यात मजेचा खेळ आहे. मर्क्युशिओ जखमी होऊन पडतो आणि म्हणतो, उद्या माझी चौकशी करा, मी 'ग्रेव्ह मॅन' झालेला असेन. ग्रेव्ह म्हणजे गंभीर, आणि ग्रेव्ह म्हणजे थडगं. आमच्यात यावर दोन रविवार गेले. एका नटाने 'गंभीर' सुचवलं, कारण रोग्याची प्रकृती गंभीर असते. बरं होतं, पण माणूस अजून दवाखान्यातच राहिला, मेला नाही. मग एका मुलीने म्हटलं, "उद्या विचारा, मी एकदम शांत झालेला असेन." आयुष्यभर बडबड करणारा माणूस शांत होणार, आणि घरातलं वडीलधारं माणूस 'शांत झालं' असं आपण म्हणतो त्याही अर्थाने शांत होणार. गच्चीवर आधी हशा झाला आणि मग कुणीच काही बोलेना. मर्क्युशिओला हेच हवं होतं. त्याआधी एका स्पर्धेत आम्ही याच वाक्याखाली करुण व्हायोलिन वाजवलं होतं. तो अपराध माझाच, दिग्दर्शन माझं होतं. मरणारा माणूस विनोद करतोय आणि आम्ही प्रेक्षकांना रडायला सांगत होतो.

आता सुनीत या काव्यप्रकाराकडे वळू. चौदा ओळींचा हा इंग्रजी साचा केशवसुतांनी मराठीत आणला, तेव्हा तो आपल्याला परका नाही. कोरसच्या चौदा ओळी सुनीतच आहेत. पण खरी गंमत मेजवानीतल्या भेटीत आहे. रोमिओ आणि ज्युलिएट एकमेकांशी पहिल्यांदा बोलतात ते संवाद ओळी मोजून वाचा. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग उरलेल्या वाटून घेतलेल्या, चौदावी संपते आणि चुंबन. दोन अनोळखी माणसांनी मिळून एक कविता पुरी केली! प्रेम जडलं हे नाटककार सांगत बसत नाही, यमक जुळवून दाखवतो. लगेच दुसरं सुनीत सुरू होतं, चार ओळी होतात न होतात तोच दाई येते, 'बाईसाहेब, आईनं बोलावलंय.' कविता तिथेच तुटते. पुढच्या चार दिवसांत यांचं प्रत्येक बोलणं असंच कुणीतरी तोडणार आहे.

त्या सुनीतात रोमिओ यात्रेकरू आहे आणि ज्युलिएट देव्हाऱ्यातली मूर्ती. (इटालियनमध्ये 'रोमिओ' म्हणजे रोमला जाणारा यात्रेकरू, हाही एक श्लेष.) मुलांना हे लांबचं वाटतं. मी त्यांना पंढरपूर आठवायला सांगतो. तिथे मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पायांवर डोकं ठेवायची रांग वेगळी. रोमिओला थेट स्पर्श हवा आहे, ओठांनी. ज्युलिएट हसत हसत म्हणते, यात्रेकरूंनी हाताला हात लावावा, तेच त्यांचं चुंबन. ती त्याची रांगच बदलते. चौदाही पूर्ण नसलेली ही मुलगी त्याच्याच प्रतिमेत त्याला अडवते, हे दिसलं की ती भाबडी नाही हेही दिसतं.

छंदाबद्दल थोडक्यात. बहुतेक ओळींत दहा अक्षरावयव (उच्चाराचे तुकडे) आणि पाच ठोके असतात. टेबलावर बोटांनी वाजवून बघा. नोकर बोलतात तेव्हा ताल गायब होतो, गद्य येतं. मर्क्युशिओ दोन्हींत सहज ये-जा करतो. एवढं पुरे.

पूर्वसूचनेच्या जागा तुम्ही रोजमेळात आपोआप पकडल्या असतील. एक राहिली असेल तर सांगतो. रोमिओ खिडकीतून उतरून जातो तेव्हा ज्युलिएटला तो थडग्याच्या तळाशी पडलेल्या प्रेतासारखा दिसतो. ती त्याला जिवंत असा पाहते ती हीच शेवटची वेळ.

पायरी पाचवी : पात्रांना विशेषणं देऊ नका

'रोमिओ भावनाप्रधान आहे' असं वाक्य वहीत दिसलं की मी खोडतो. प्रत्येक पात्रासाठी तीन गोष्टी लिहा. त्याला काय हवं आहे, ते मिळवायला तो काय करतो, आणि त्याची भाषा कुठे बदलते.

ज्युलिएटवर जास्त वेळ द्या. बागेतल्या प्रसंगात लग्नाचं पहिलं नाव ती काढते, निरोप कुणाबरोबर पाठवायचा ते ती ठरवते. रोमिओ चंद्राची शपथ घेऊ लागतो तेव्हा ती थांबवते, चंद्र दर महिन्याला बदलतो. हे सगळं फार अचानक होतंय, विजेसारखं, असंही तीच म्हणते. म्हणजे नाटकात घाई ओळखणारी पहिली व्यक्ती ती, आणि तरी तीही थांबत नाही. (या प्रसंगाला सगळे 'बाल्कनीचा प्रवेश' म्हणतात. शेक्सपिअरच्या संहितेत बाल्कनी हा शब्दच नाही, ती वरच्या खिडकीशी आहे. नेपथ्य करणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.)

तिच्या वयावर सांगलीजवळच्या हरिपूरच्या माणसाला वेगळं काही सुचतं. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणलं. पैशासाठी पोरीला थेरड्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप त्यात आहे. पॅरिस म्हातारा नाही, चांगला मुलगा आहे, कॅप्युलेटला पैशाचीही गरज नाही. पण नकार ऐकल्यावर कॅप्युलेट जे बोलतो ते वाचा. भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, मी तुला ओळखणार नाही. 'शारदा' वाचलेल्या वाचकाला या बापाचा आवाज ओळखीचा वाटेल.

दाईला विनोदी पात्र म्हणून उरकू नका. तिची पहिली लांबण लागते ती ज्युलिएटचं दूध तोडल्याची. तिने स्तनाला कडू वनस्पती लावली होती, आपल्याकडे बाया कडुलिंब लावतात तशी. त्याच बडबडीत एक वाक्य येऊन जातं, तिची स्वतःची सुझन ज्युलिएटच्याच वयाची होती, ती देवाघरी गेली. हे ऐकलं की तिसऱ्या अंकातला घाव कळतो. बाप ओरडून निघून जातो, आई पाठ फिरवते, ज्युलिएट दाईकडे वळते आणि दाई म्हणते, पॅरिसशी लग्न कर, रोमिओ त्याच्यापुढे काहीच नाही. मनापासून म्हणतेस? मनापासून. 'आमेन,' ज्युलिएट म्हणते. त्या एका शब्दात तिचं बालपण संपतं, यानंतर फ्रायर सोडला तर ती कुणालाच खरं सांगत नाही. तो शब्द हळू म्हणायचा, त्यात राग आणायचा नाही.

मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांचा नाही, राजाचा नातेवाईक आहे. भांडण त्याचं नसताना तो मरतो आणि तो गेल्यावर नाटकातलं हसू संपतं. बेनव्होलिओ तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर दिसतच नाही. भांडण सोडवणारा एकमेव माणूस कुठे गेला, यावर मुलांना अर्धा तास भांडू द्या.

आणि मँटुआचा औषधविक्या. वीस ओळीही त्याच्या वाट्याला नाहीत. विष विकणं तिथे देहान्त शिक्षेचा गुन्हा आहे. तो म्हणतो, माझी इच्छा नाही म्हणते, माझी गरिबी हो म्हणते. रोमिओ त्याला चाळीस डुकाट (सोन्याची नाणी) मोजतो आणि सांगतो की खरं विष मीच तुला विकतोय, हे सोनं. आता शेवटच्या पानावर जा. दोन बाप समेट करतात. रोमिओचा बाप माँटेग्यू म्हणतो, ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट लगेच म्हणतो, रोमिओचाही तेवढाच भारी करीन. ज्याला विष म्हटलं तेच सोनं, आणि बोली अजून चालूच! दिवाणजींचा शेरा होता, "सौदा काढल्यागत बोलत्यात." वैर मिटलं की नुसतं चलन बदललं, याचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही.

पायरी सहावी : विषयसूत्र शेवटी, आणि एकाच वाक्यात

'प्रेम', 'द्वेष', 'नियती' हे शब्द म्हणजे विषयसूत्र नव्हे, ती नुसती फाइलवरची नावं झाली. सूत्र म्हणजे नाटक त्या गोष्टीबद्दल काय म्हणतं ते. वाक्य पूर्ण करा: 'या नाटकात नियती म्हणजे…' माझं वाक्य असं आहे, 'या नाटकात माणसं घाईने जे करतात त्याचं खापर ताऱ्यांवर फोडतात.' टिबॉल्टला मारल्यावर रोमिओ ओरडतो की मी नशिबाच्या हातचं खेळणं झालो. तलवार कुणाच्या हातात होती ते खतावणीत बघा. तुमचं वाक्य उलटं असू शकतं. कोरस सुरुवातीलाच तारे आणतो, हा तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे आणि मला तो अडचणीचा वाटतो.

पायरी सातवी : उत्तर लिहिताना

एक छोटं अवतरण घ्या, त्यातला एकच शब्द पकडा, तो आणखी कुठे येतो ते दाखवा, मग तुमचं म्हणणं मांडा. नमुना देतो:

'फ्रायर लॉरेन्स सकाळी फूल हातात घेऊन म्हणतो की याच्या सालीत विषही आहे आणि औषधही. वासाने बरं वाटतं, चाखलं तर हृदय थांबतं. ही ओळ तो बोलत असतानाच रोमिओ आत येतो, त्यामुळे फुलाबद्दलचं वाक्य त्यालाही लागू होतं. पुढे फ्रायर स्वतःच ज्युलिएटला मरणाचं सोंग देणारं औषध देतो, आणि औषधविक्याकडून रोमिओ खरं विष आणतो. एका कुपीने तिला वाचवायचं होतं, तिच्यामुळेच दुसरी कुपी आली. औषध आणि विष यांच्यातला फरक इथे वेळेवर अवलंबून आहे.'

यात 'प्रतीक' हा शब्द एकदाही नाही. हवा असेल तर शेवटी घाला, गुण जाणार नाहीत.

उरलेला एक हिशेब

रोजमेळातल्या गुरुवारपुढचं प्रश्नचिन्ह राहिलं. फ्रायर सांगतो की औषधाचा अंमल ४२ तास राहील. ज्युलिएट ते मंगळवारी रात्री घेते. तिथून ४२ तास मोजा, गुरुवारची दुपार उलटते. पण ती जागी होते तेव्हा बाहेर अंधार आहे आणि नाटक संपताना उजाडतंय. गुरुवारची पहाट धरली तर दहा-बारा तास कमी पडतात. शुक्रवारची धरली तर तेवढेच जास्त होतात, आणि बुधवारीच निघालेला रोमिओ मधला अख्खा दिवस कुठे होता ते सापडत नाही. पहारेकरी म्हणतो, हिला पुरून दोन दिवस झाले, म्हणजे तो शुक्रवारच्या बाजूचा. मुलं म्हणतात, शेक्सपिअर चुकला. नटमंडळी म्हणतात, प्रेक्षक घड्याळ लावून बसत नाही. दिवाणजींना दोन्ही मान्य नाही. त्यांनी ते पान अजून शाईने लिहिलेलं नाही, आणि या रविवारी ते शेवटचा अंक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणार आहेत.